राहुल कोठे निजला? : विनयपिटकातील शय्याविषयक नियम आणि आजची धम्मशिबिरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि वर्षावासाच्या काळात गावोगावी श्रामणेर शिबिरे, बालसंस्कार शिबिरे आणि लेण्यांच्या अभ्याससहली भरत असतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या तर पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या प्रवचनापर्यंतची प्रत्येक घटका मोजलेली दिसते. रात्रीच्या सात-आठ तासांसाठी मात्र पत्रिकेत एकच शब्द असतो : ‘विश्रांती’. कोणी कोठे झोपावे, लहानांच्या जवळ कोणी असावे, मध्यरात्री एखाद्या मुलाला भीती वाटली तर त्याने कोणाला उठवावे, याचा विचार बहुधा सतरंज्या अंथरताना होतो आणि तोही जागा पुरते की नाही एवढ्यापुरताच. आपल्या परंपरेत या विषयाला काही आधार नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. भिक्खुसंघाने रात्रीच्या निवासाचा प्रश्न फार लवकर हाताळला, त्यात एकदा गंभीर चूक केली आणि ती चूक एका लहान मुलाच्या हालांवरून ध्यानी आल्यावर दुरुस्तही केली. हा सारा वृत्तांत विनयपिटकाने लपवून ठेवलेला नाही. तो आज पुन्हा वाचण्याची गरज आहे.

अग्गाळव चेतियातील रात्र

सुत्तविभंगातील पाचव्या पाचित्तिय नियमाची निदानकथा आळवी नगरातील अग्गाळव चेतियाशी निगडित आहे. उपासक धम्मश्रवणासाठी आरामात येत असत. प्रवचन संपल्यावर थेर भिक्खू आपापल्या निवासस्थानी निघून जात आणि नवदीक्षित भिक्खू तेथेच, उपट्ठानसालेत, उपासकांसमवेत झोपी जात. झोपेत त्यांना स्मृती राहत नसे. वस्त्रे सुटत, कोणी बरळे, कोणी घोरे. उपासकांना ते अनुचित वाटले आणि त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. वार्ता भगवंतांपर्यंत पोहोचली. जो भिक्खू अनुपसम्पन्नासमवेत, म्हणजे ज्याची उपसंपदा झालेली नाही अशा व्यक्तीसमवेत, एका निवाऱ्याखाली शयन करील त्याला पाचित्तिय दोष लागेल, असा नियम त्यांनी घालून दिला.

या कथेतील एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. दोष घडला तो नवख्या भिक्खूंकडून, पण तो घडू शकला याचे कारण जबाबदार थेर मंडळी प्रवचन आटोपून निघून गेली होती. ज्या सभागृहात दिवसा धम्मचर्चा होते त्याच सभागृहात रात्री कोणाच्याही देखरेखीवाचून सर्वांना एकत्र सोडून दिले होते. ‘प्रवचन झाले, आता सर्वांनी येथेच अंग टाकावे’ ही आपल्या शिबिरांतील परिचित पद्धत आणि अग्गाळवातील ती रात्र यांत फारसे अंतर नाही.

कोसंबीची वच्चकुटी

नियम झाला. त्यानंतर भगवंत आळवीहून कोसंबीस, म्हणजे उत्तर प्रदेशातील आजच्या कोसम येथे गेले आणि बदरिकारामात राहिले. श्रामणेर राहुल तेथे होता. श्रामणेर हाही अनुपसम्पन्नच. त्यामुळे भिक्खूंनी त्याला सांगितले की आता असा शिक्षापद झाला आहे, तेव्हा तू आपली झोपण्याची जागा पाहा. त्या रात्री राहुलला जागा मिळाली नाही. तो वच्चकुटीत, म्हणजे शौचगृहात जाऊन राहिला. पहाटे भगवंत उठून तेथे गेले आणि आत कोणी आहे का हे कळावे म्हणून खाकरले. आतून राहुलही खाकरला. आत कोण आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा राहुलने आपले नाव सांगितले. तू येथे का बसला आहेस, या पुढच्या प्रश्नावर त्याने घडलेली हकीकत निवेदन केली. भगवंतांनी या निमित्ताने भिक्खूंना एकत्र करून नियमात बदल केला. अनुपसम्पन्नासमवेत दोन-तीन रात्रीपर्यंत शयन करण्यास अनुज्ञा दिली आणि त्यापुढे मात्र दोष कायम ठेवला.

हीच घटना जातकट्ठकथेतील तिपल्लत्थमिग जातकाच्या प्रास्ताविकात अधिक विस्ताराने येते. नियम होण्यापूर्वी भिक्खू राहुलवर मायेने लक्ष ठेवीत, त्याला झोपायला मंचक देत, उशाला चीवर देत. नियम झाल्यावर दोष लागेल या भयाने कोणी त्याला जागा दिली नाही. राहुलही पित्याकडे, उपाध्याय सारिपुत्तांकडे, आचार्य मोग्गल्लानांकडे किंवा आनंदांकडे गेला नाही. भगवंतांनी सारिपुत्तांना विचारले की राहुल कोठे राहतो हे तुम्हाला ठाऊक आहे काय. सारिपुत्तांना ते ठाऊक नव्हते. राहुलची ही अवस्था होत असेल तर इतर कुलपुत्रांना प्रव्रज्या देऊन तुम्ही त्यांची काय व्यवस्था लावाल, असे भगवंतांनी त्यांना सुनावले. पुढे अनुपसम्पन्नांना एक-दोन दिवस आपल्याजवळ ठेवावे आणि तिसऱ्या दिवशी त्यांची राहण्याची जागा कोठे आहे ते जाणून घेऊन मगच त्यांना बाहेर राहू द्यावे, असे सांगितले. सारिपुत्तांशी झालेला हा संवाद मूळ विनयात नाही, तो अट्ठकथेतील आहे. परंतु वच्चकुटीचा प्रसंग दोन्हीकडे आहे.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. भिक्खूंनी राहुलचा द्वेष केला नव्हता. त्यांनी नियम पाळला होता. नियमही चुकीचा नव्हता, कारण अग्गाळवातील गैरव्यवस्था खरी होती. पण ‘येथे झोपू नकोस’ एवढेच सांगितले गेले, ‘मग कोठे झोप’ हे सांगण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. मुलाला दूर ठेवल्याने भिक्खू निर्दोष राहिले. मूल मात्र रात्रभर असुरक्षित राहिले. भगवंतांनी नियम रद्द केला नाही. त्यांनी त्यात मुलासाठी जागा केली.

वय आणि संख्या

महावग्गातील महाखंधकात लहान मुलांच्या रात्रीचा आणखी एक प्रसंग आहे. राजगहातील सतरा मित्रांनी, ज्यांना पुढे सत्तरसवग्गिय म्हटले गेले, आईवडिलांच्या अनुमतीने प्रव्रज्या घेतली. भिक्खूंनी त्यांना उपसंपदाही दिली. पहाटेच्या अंधारात ती मुले उठून यागू मागू लागली, भात मागू लागली. उजाडेपर्यंत थांबा, असेल तर मिळेल, असे भिक्खू म्हणत. मुले रडत राहिली आणि त्यांनी अंथरुणे घाण केली. तो आवाज ऐकून भगवंतांनी आनंदांना विचारले की हा मुलांचा आवाज कसला. वीस वर्षांखालील व्यक्तीला थंडी, ऊन, भूक, तहान, डास यांचा त्रास सोसवत नाही, असे कारण देऊन त्यांनी वीस वर्षांखालील व्यक्तीच्या उपसंपदेस मनाई केली. भगवंतांनी मुलांना दोष दिला नाही. मुलांच्या वयाचा विचार न करणाऱ्या भिक्खूंना दिला.

त्यापाठोपाठ श्रामणेरासाठी पंधरा वर्षांची मर्यादा आली. परंतु रोगाच्या साथीत एका श्रद्धाळू कुटुंबातील केवळ दोन मुले वाचली आणि ती भिक्खूंना पाहून धावत आली, तेव्हा आनंदांना त्यांची चिंता वाटली. कावळे हाकलण्याइतकी ती मोठी आहेत काय, एवढे विचारून भगवंतांनी पंधरा वर्षांखालील तशा मुलांना प्रव्रज्या देण्याची मुभा दिली. येथेही तोच क्रम दिसतो. आधी मर्यादा, आणि मग त्या मर्यादेमुळे एखादे मूल उघड्यावर पडत असेल तर त्याच्यासाठी वाट.

तिसरा प्रसंग उच्चारण्यास अवघड वाटतो, म्हणून तो सहसा सांगितला जात नाही. उपनंदांच्या कण्टक व महक या दोन श्रामणेरांनी परस्परांशी गैरवर्तन केले. तेव्हा एका भिक्खूने दोन श्रामणेर ठेवू नयेत असा नियम झाला. पुढे सारिपुत्तांकडे राहुल असताना एका कुटुंबाने आपला मुलगा त्यांच्याकडे पाठवला आणि प्रश्न उपस्थित झाला. समर्थ भिक्खूने दोन श्रामणेर, किंवा जितक्यांना तो उपदेश व अनुशासन करू शकेल तितके ठेवावेत, अशी सुधारणा तेव्हा झाली. मुलांची संख्या किती असावी, याचे माप त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्याच्या सामर्थ्यावर ठरले. सभागृहात किती सतरंज्या मावतात यावर ते ठरले नाही. शिवाय धोका प्रौढांकडूनच असतो असे नाही, मुलांमुलांतही तो असू शकतो, हे संघाने तेव्हाच मान्य केले होते. सत्तरसवग्गिय हे संघातील लहान वयाचे भिक्खू. षड्वर्गीय भिक्खूंनी त्यांना त्यांनी दुरुस्त केलेल्या विहारातून मानगुटीस धरून बाहेर काढले, त्यांना भीती दाखवली, त्यांची पात्रे-चीवरे लपवली. या प्रत्येक कृत्यासाठी स्वतंत्र पाचित्तिय नियम करावा लागला. ‘मुले आहेत, थट्टा करायचीच’ असे म्हणून विनयाने ते सोडून दिले नाही.

नियम म्हणजे संशय नव्हे

निवासाची शिस्त सुचवली की एक आक्षेप हमखास येतो : ‘तुम्ही भन्तेजींवर, गुरुजींवर, इतक्या वर्षांच्या कार्यकर्त्यावर संशय घेता काय?’ याचे उत्तर सहाव्या पाचित्तिय नियमाच्या निदानकथेत आहे. अनुरुद्ध थेर कोसल जनपदातून सावत्थीकडे जात असताना सायंकाळी एका गावी पोहोचले. तेथे एका स्त्रीने प्रवाशांसाठी आवसथागार चालवले होते. तिच्या अनुमतीने ते तेथे राहिले. मागाहून आणखी प्रवासी आले. गर्दीत आपणास त्रास होईल असे म्हणून तिने थेरांच्या निजण्याची व्यवस्था आतल्या दालनात केली आणि रात्री त्यांच्याकडे अनुचित मागणी केली. अनुरुद्ध इंद्रिये संयमित करून स्तब्ध राहिले. शेवटी ती खजील झाली आणि तिने क्षमा मागितली. अनुरुद्धांचे आचरण निर्दोष होते. तरीही भगवंतांनी स्त्रीसमवेत एका निवाऱ्याखाली शयन करण्यास मनाई करणारा नियम केला.

नियम एखाद्या दोषी व्यक्तीकडे बोट दाखवण्यासाठी केलेला नाही, हे यावरून स्पष्ट होते. अनुरुद्धांसारख्या थेरांनाही तो लागू झाला. व्यक्तीचे शील कितीही उज्ज्वल असो, व्यवस्थाच अशी असावी की प्रसंग उद्भवू नये आणि उद्भवलाच तर कोणी एकाकी नसावे. ज्याला अपवाद केला जातो, त्याच्याच आडोशाने उद्या अनर्थ होण्याचा संभव असतो. चुल्लवग्गात भिक्खूंनी एका मंचकावर, एका अंथरुणावर, एका पांघरुणात झोपू नये असा स्पष्ट निर्बंध आहे. पाचव्या नियमात ‘निवारा’ म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. पूर्ण छप्पर व पूर्ण भिंती असलेली, किंवा बहुतांशी आच्छादित व बहुतांशी बंदिस्त अशी जागा नियमाच्या कक्षेत येते. छप्पर आहे पण भिंती नाहीत अशी उघडी जागा तिच्यातून वगळली आहे. जे चारचौघांच्या दृष्टीस पडते आणि जे बंद दाराआड असते, यांतील भेद विनयकारांनी जाणला होता.

निवासाची जबाबदारी कोणाची?

संघाने हे काम ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले नाही. निवास नेमून देण्यासाठी सेनासनपञ्ञापक हे पद निर्माण झाले आणि दब्ब मल्लपुत्त थेरांना संघाच्या संमतीने ते देण्यात आले. आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणती जागा दिली, कोणती दिली नाही हे जाणणारा भिक्खूच या पदास योग्य, असा निकष ठरला. दब्ब थेर समान वृत्तीच्या भिक्खूंची एकत्र सोय करीत. सुत्ते म्हणणारे एका बाजूस, विनय जाणणारे दुसऱ्या बाजूस, ध्यान करणारे तिसऱ्या बाजूस. रात्री उशिरा येणाऱ्यांनाही ते जागा दाखवीत आणि सोबत मंच कोणता, पीठ कोणते, शौचाची जागा कोठे, पाणी कोठे हे सांगत. वत्तक्खंधकात नवागत भिक्खूने याच गोष्टी विचाराव्यात आणि तेथे राहणाऱ्याने त्या सांगाव्यात, असे कर्तव्यच घालून दिले आहे. परक्या जागी रात्री शौचास कोठे जावे हे न कळणे ही अडीच हजार वर्षांपूर्वीचीही अडचण होती, आणि पहिल्यांदाच घराबाहेर आलेल्या दहा वर्षांच्या मुलीची ती आजही आहे.

महाराष्ट्रातील लेणी या व्यवस्थेचा दगडी पुरावा आहेत. भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी येथील विहार पाहताना आपण स्तंभ आणि शिलालेख पाहतो, पण खोल्यांत डोकावून पुढे जातो. मध्ये सामाईक दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंस लहान खोल्या, खोलीत शयनासाठी खोदलेला एक किंवा दोन ओटे, दाराला लाकडी कवाड बसवण्याच्या खाचा, बाहेर पाण्याची पोढी, ही रचना जागोजागी आढळते. प्रत्येकाची शय्या वेगळी, आणि प्रत्येक दार मात्र सर्वांच्या वावराच्या दालनात उघडणारे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आपल्या शिलालेखात लेण्याबरोबर पोढ्यांचाही उल्लेख करतो. दात्यांनाही निवास म्हणजे केवळ छप्पर नव्हे, हे ठाऊक होते. अभ्याससहलीत मुलांना लेणी दाखवताना हे ओटे आणि या खाचा अवश्य दाखवाव्यात.

मसूरच्या वाटेवरील मुले

या विषयाचा आपल्या नजीकच्या इतिहासाशीही संबंध आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात परमपूज्य बाबासाहेबांनी १९०१ मधील एका प्रवासाची हकीकत नोंदवली आहे. त्यांचे वडील परगावी नोकरीस होते. साताऱ्याहून बालवयातील भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचरे वडिलांना भेटण्यासाठी निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. आपण येत असल्याचे पत्र त्यांनी पाठवले होते, पण नोकराच्या विसरभोळेपणामुळे ते वडिलांपर्यंत पोहोचले नाही. स्थानकावर न्यायला कोणी आले नाही. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा सूर पालटला. दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक गाडीवान तयार झाला. रात्री जकातनाक्यावर मुक्काम पडला तेव्हा जवळ अन्न होते, पण ते गळ्याखाली उतरवायला पाणी कोणी दिले नाही. अनोळखी ठिकाणी सर्वांनी एकदम झोपणे बरे नव्हे, आळीपाळीने जागे राहावे, असे त्या मुलांनीच ठरवले आणि उपाशीपोटी ती रात्र काढली.

त्या रात्रीचे मूळ कारण अस्पृश्यतेची क्रूरता हेच होते. ते अन्य कशानेही झाकता येणार नाही. परंतु त्यासोबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मुले येत आहेत हा निरोप योग्य माणसाला मिळाला नाही, आणि प्रौढांनी करावयाचा पहारा मुलांना करावा लागला. ज्या समाजाच्या मुलांना धर्मशाळा आणि पाणवठे नाकारले गेले, त्या समाजाच्या स्वतःच्या शिबिरात तरी मुलाला रात्री जागे राहून स्वतःची राखण करावी लागू नये. हे आपले किमान कर्तव्य आहे.

आजचे विनय

या इतिहासातून आजच्या संयोजकांसाठी काही गोष्टी सरळ निष्पन्न होतात. राहुलच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनांच्या विनंतीवरून आईवडिलांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. तेव्हा मुक्कामी नेण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मूल कोठे, कोणासोबत राहणार हे त्यांना कळवावे. शिबिरात निवासप्रमुख म्हणून एक पुरुष आणि एक स्त्री असे दोघे समितीने ठरावाने नेमावेत. कोण कोठे झोपले आहे याची यादी त्यांच्याजवळ असावी. मुलगे व मुली यांची शयनव्यवस्था वेगळी असावी, फार लहान आणि मोठी मुले एकत्र ठेवू नयेत, प्रत्येकाचे अंथरूण-पांघरूण स्वतंत्र असावे. कोणताही एकटा प्रौढ, मग तो चीवरधारी असो, शिक्षक असो वा समितीचा पदाधिकारी, एका बंद खोलीत मुलासमवेत झोपू नये. दोन-तीन रात्रींची जुनी मुभा या बाबतीत पुढे करू नये. ती राहुलला निवारा मिळावा म्हणून होती, प्रौढाच्या सोयीसाठी नव्हती. पाळीने जागे राहणारे किमान दोघे असावेत. शौचालयाच्या वाटेवर दिवा असावा. पहिल्याच सायंकाळी सर्व मुलांना उभे करून जागा, पाणी, शौचालय आणि रात्री ज्यांना उठवायचे त्या व्यक्ती दाखवाव्यात. अंथरूण ओले झाले तर मुलाची हेटाळणी होऊ देऊ नये. घरी बोलायचे म्हणाले तर बोलू द्यावे.

आणि काही अनुचित घडल्याचे मुलाने सांगितले तर ते विहाराच्या प्रतिष्ठेसाठी दाबून ठेवू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ प्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि अशा अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा स्वतंत्र अपराध आहे. बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे, तो निवासस्थानी सर्वांना दिसेल असा लावावा. ज्या पिटकाने कण्टक-महकांचे गैरवर्तन आणि संघाची स्वतःची चूक शतकानुशतके लपवली नाही, त्याच्या अनुयायांनी लपवाछपवीला धम्मनिष्ठा म्हणू नये.

बदरिकारामातील त्या रात्री संघात थोर थेर होते, नियम होता आणि राहुलविषयी स्नेहही होता. उणीव एवढीच होती की तो कोठे निजला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढील शिबिरात दिवे मालवण्यापूर्वी प्रत्येक संयोजकाने एकेका मुलाचे नाव घेऊन स्वतःला तोच प्रश्न विचारावा, आणि प्रत्येक नावासमोर उत्तर असल्याशिवाय स्वतः झोपू नये.